नेमका तोच बिबट्या : जिम कॉर्बेट

बिबट्या गावात शिरला, कॉलेजच्या कंपाऊंडजवळ दिसला, अशी बातमी हल्ली दर आठवड्याला असतेच. मेसमध्ये तिच्यावर चर्चाही रंगते आणि शेवटी कुणीतरी म्हणतोच की सरळ गोळी घाला. पण मित्रांनो, गोळी घालायची कुणाला? हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने फार गंभीरपणे घेतला होता. त्याचं नाव जिम कॉर्बेट.

कॉर्बेटचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. वडील तिथे पोस्टमास्तर होते. ते लवकर गेले आणि मोठं कुटुंब आईने सांभाळलं. थंडीत हे लोक खाली कालाढुंगीच्या घरी येत आणि घराला लागूनच जंगल. तिथे या पोराने पक्ष्यांचे, प्राण्यांचे आवाज आणि मातीवरचे ठसे वाचायला शिकून घेतलं. डिग्री वगैरे काही नाही. अठराव्या वर्षाच्या सुमारास रेल्वेत नोकरी धरली. पुढे गंगेकाठच्या मोकामा घाटावर माल चढवण्या-उतरवण्याचं कंत्राट घेतलं. तिथे नदीवर पूल नव्हता, अलीकडे ब्रॉडगेज आणि पलीकडे मीटरगेज! त्यामुळे सगळा माल हमालांच्या डोक्यावरून एका गेजच्या वॅगनमधून दुसऱ्या गेजच्या वॅगनमध्ये. (तिथला पूल झाला तो थेट १९५९ साली. सिव्हिलवाल्यांनी नोंद घ्यावी.) या कामात त्याची वीसेक वर्षं गेली. म्हणजे आपण ज्याला शिकारी म्हणून ओळखतो, तो पोटापाण्यासाठी रेल्वेचा ठेकेदार होता. नरभक्षकांमागे तो जायचा ते सुट्टी काढून.

१९०७ मध्ये त्याने चंपावतची वाघीण मारली. नेपाळ आणि कुमाऊं मिळून ४३६ बळी तिच्या नावावर होते. मेल्यावर तिचं तोंड तपासलं तर उजव्या बाजूचे सुळे मोडलेले निघाले, जुन्या गोळीने. नेहमीची शिकार जमेना म्हणून ती माणसांकडे वळली, असा त्याने अर्थ लावला. मारून झाल्यावरही हे असं का झालं, हे शोधायची त्याची सवय इथे दिसते.

पण खरी परीक्षा रुद्रप्रयागला झाली. केदारनाथ आणि बद्रीनाथच्या यात्रेच्या वाटेवर १९१८ पासून एक बिबट्या माणसं उचलत होता. सरकारदप्तरी १२५ बळी. पाचशे चौरस मैलांचा मुलूख दिवस मावळला की कड्या लावून बसायचा. माणसं मारताना वाघ दिवसाही येतो, बिबट्या मात्र नरभक्षक झाला तरी माणसाला बिचकतो आणि अंधारातच येतो, असं कॉर्बेटचं निरीक्षण. त्यामुळे दहशत सगळी रात्रीची. लोकांना हा प्राणी वाटेचना, भूत वाटायचं. त्या भागात एका साधूलाच नरभक्षक ठरवून जिवंत जाळायची तयारी झाली होती. एका अधिकाऱ्यामुळे तो बचावला.

कॉर्बेट १९२५ च्या शरद ऋतूत तिथे पोचला. आता अडचण बघा. त्या डोंगरात बिबटे एक नाही, पुष्कळ. त्यातला नेमका कोणता? त्याने पावलांचे ठसे पाहून ठरवलं की हा मोठा आणि वयस्कर नर आहे. अलकनंदा ओलांडायला झुलते पूल होते, ते रात्री काटेरी झुडपांनी बंद करायचे, म्हणजे बिबट्या एकाच काठावर अडकेल आणि शोधायचा मुलूख निम्मा होईल. मला तर ही युक्ती बंदुकीपेक्षा जास्त आवडते. तरीही जमलं नाही. सापळ्यातून तो निसटला. सायनाइड खाल्लेला बिबट्या गुहेत गेला म्हणून गुहेचं तोंड बंद करून दहा दिवस वाट पाहिली, तर दुसरीकडे बाई मारल्याची खबर आली. थकून कॉर्बेट परत गेला, वर्तमानपत्रांत टीकाही झाली. १९२६ मध्ये तो पुन्हा आला.

मे महिन्याच्या सुरुवातीला, गोलाबराय इथे यात्रेकरूंच्या निवाऱ्याजवळ आंब्याच्या झाडावर तो रात्रीमागून रात्री बसला. खाली गळ्यात घंटा बांधलेली बकरी. एका रात्री घंटा वाजली. बंदुकीला बांधलेला टॉर्च लावला, एक गोळी सुटली आणि टॉर्च मंदावत विझला. लागली की नाही ते कळायला उजाडावं लागलं.

सकाळी सापडलेल्या बिबट्याची त्याने जी तपासणी केली, ती आपल्या लॅब रिपोर्टसारखीच आहे. दात झिजलेले, एक सुळा मोडका. मिशा नाहीत. जीभ आणि तोंड काळं, म्हणजे विष खाऊन पचवलेला हाच! मागच्या डाव्या पंजात जुनी गोळी लागल्याची खूण; १९२१ मध्ये पुलावर दबा धरून बसलेल्या अधिकाऱ्यांनी झाडलेली. एवढं जुळल्यावर खात्री झाली. आणि त्याने लिहिलं ते सैतानाबद्दल नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझात माणसं इतकी मेली की प्रेतं न जाळताच दरीत टाकावी लागली आणि बिबट्याला चटक लागली ती तिथून, असं त्याचं मत.

पुढे त्याने शिकार कमी केली आणि एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याची जंगलातली छायाचित्रं पाहून सिनेकॅमेरा हातात घेतला. चॅम्पियन वाटेवर तार लावायचा. वाघ अडखळला की फ्लॅश उडून त्याचा त्यानेच फोटो काढायचा. आजचा कॅमेरा ट्रॅप तोच. आपल्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात असेच कॅमेरे लावून अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक बिबट्या वेगळा ओळखला गेला. ते उसाच्या शेतात राहत होते आणि जगत होते मुख्यतः कुत्र्यांवर. आणि जुन्नरकडे २००१ नंतर दिसेल तो बिबट्या पकडून दूर सोडला, तेव्हा हल्ले कमी होण्याऐवजी वाढले.

कॉर्बेटच्या प्रयत्नांचा हातभार लागून १९३६ मध्ये हेली नॅशनल पार्क झालं. १९४७ मध्ये तो बहीण मॅगीबरोबर केनियाला गेला आणि १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरीला वारला. नंतर त्या पार्कला त्याचं नाव दिलं गेलं, आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात तिथूनच झाली. कालाढुंगीचं त्याचं घर आता संग्रहालय आहे. शेजारच्या छोटी हल्द्वानीत, रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून त्याने गावाभोवती बांधून घेतलेली दगडी भिंतही आहे.