प्राध्यापक नायगमवाला

मुलांनो, थंडीच्या दिवसांत रात्री मृग नक्षत्र पाहा. त्यात तीन तारे एका रांगेत आहेत. त्यांच्या दक्षिणेला एक धूसर ठिपका दिसतो. तो तारा नव्हे, तेजोमेघ आहे.

पुण्याच्या सायन्स कॉलेजातून या मेघाचा अभ्यास करणारे प्राध्यापक म्हणजे कावसजी दादाभाई नायगमवाला. ते जातीने पारशी. त्यांचा जन्म १८५७ साली झाला. भावनगरच्या महाराजांनी पाच हजार रुपये दिले, सरकारने तेवढीच भर घातली आणि कॉलेजात वेधशाळा उभी राहिली.

मेघाच्या प्रकाशात एक ठळक रेषा दिसते. ती एका बाजूने पुसट आहे, म्हणून हा मेघ उल्कांचा आहे, असे इंग्लंडचे लॉकियर मानत. लॉकियर केवढे नामांकित शास्त्रज्ञ! पण कावसजींना ती रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव दिसली. दिसले तेच त्यांनी १८९१ साली प्रसिद्ध केले. ती रेषा ऑक्सिजन वायूची आहे, हे १९२७ साली उलगडले.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होते. लॉकियर कोकणात विजयदुर्गला उतरले. कावसजी आपली यंत्रे घेऊन दौंडच्या पुढे, सोलापूरच्या रेल्वेमार्गावरील जेऊर येथे गेले. सूर्य पूर्ण झाकलेला राहणार होता जेमतेम दोन मिनिटे! तेवढ्यात काचेच्या पट्ट्यांवर फोटो घ्यायचे होते. हात चुकला, तर पुन्हा संधी कुठली? कावसजींनी फोटो घेतले आणि त्यांवर सविस्तर अहवाल लिहिला.

१९१२ साली ते निवृत्त झाले. वेधशाळा बंद झाली आणि तिची मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली. १९३८ साली कावसजी वारले.