बाबा पदमनजी : एका विद्यार्थ्याची धर्मजिज्ञासा आणि मराठी गद्य

मराठी कादंबरीच्या आरंभाचा विचार करताना ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या ग्रंथाचा उल्लेख आपण मागे पाहिला आहे. त्या ग्रंथाचे कर्ते बाबा पदमनजी यांचा जीवनपट आता आपल्याला समजून घ्यावयाचा आहे. त्यांच्या लेखनाचे मूळ त्यांच्या विद्यार्थिदशेत आहे. मिशनऱ्यांच्या शाळेत शिकणाऱ्या एका तरुणाच्या मनात कोणते प्रश्न निर्माण झाले, त्यांची उत्तरे शोधताना त्याला काय सोडावे लागले आणि त्यातून मराठी गद्याला काय मिळाले, या तीन मुद्द्यांकडे आपण विशेष लक्ष द्यावे.

१. बालपण आणि संस्कार

बाबांचा जन्म १८३१ साली बेळगाव येथे कासार कुटुंबात झाला. वडील सरकारी नोकरीत होते. घरात देवधर्म, व्रतवैकल्ये, पोथीवाचन यांचे वातावरण होते आणि लहानगा बाबा त्यात मनापासून रमत असे. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवली पाहिजे. पुढे धर्मांतर करणारा हा मुलगा धर्माविषयी उदासीन नव्हता. उलट लहानपणापासून तो अतिशय श्रद्धाळू होता. देवाला काय आवडते, पापापासून सुटका कशी होते, हे प्रश्न त्याला पुस्तकांनी शिकवले नव्हते; ते घरातूनच त्याच्याबरोबर आले होते. बेळगावात त्याने मिशनरी शाळेत इंग्रजीचे शिक्षण घेतले आणि पुढील शिक्षणासाठी तो मुंबईस आला.

२. मुंबईतील विद्यालय आणि त्या काळचे वातावरण

मुंबईत बाबांनी फ्री चर्चच्या विद्यालयात अध्ययन केले. या विद्यालयाचा पाया स्कॉटलंडहून आलेले मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली घातला होता. आजचे विल्सन महाविद्यालय त्याच परंपरेतले. येथे इंग्रजी, गणित, इतिहास व सृष्टिविज्ञान यांच्या जोडीला बायबलचे नियमित अध्यापन होत असे. चांगले इंग्रजी शिक्षण मिळते म्हणून पालक मुलांना तेथे पाठवीत. पण मुलगा धर्म सोडील की काय, ही धास्तीही त्यांच्या मनात कायम असे.

ही धास्ती निराधार नव्हती. १८३९ साली या विद्यालयातील दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मोठी खळबळ माजली आणि बहुसंख्य विद्यार्थ्यांनी शाळा सोडली. १८४३ साली नारायण शेषाद्री या ब्राह्मण विद्यार्थ्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा अल्पवयीन भाऊ श्रीपत याचे प्रकरण तर न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केल्यावर त्याला शुद्ध करून स्वधर्मात घ्यावे, यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला. त्यामुळे बाबा मुंबईत शिकत होते, त्या काळी एखाद्या विद्यार्थ्याचे धर्मविषयक मत ही केवळ त्याची खाजगी बाब राहिलेली नव्हती. घर, जात, वर्तमानपत्रे आणि न्यायालये या सर्वांचे तिच्याकडे लक्ष असे.

३. परमहंस सभा ते बाप्तिस्मा

नवशिक्षित तरुणांपुढे दुसराही एक मार्ग होता. १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग आदी सुधारकांनी मुंबईत परमहंस सभा स्थापन केली. एकेश्वरभक्ती आणि जातिभेदाचा त्याग ही तिची तत्त्वे होती. सभासद एकत्र येऊन प्रार्थना करीत आणि जातिबंधन मोडून सहभोजन करीत. मात्र हे सारे गुप्तपणे चाले. समाज अनुकूल होईपर्यंत प्रकट व्हावयाचे नाही, असे त्यांचे धोरण होते. बाबा या सभेत सामील झाले होते.

येथे त्यांच्या जीवनातील खरा पेच आपल्याला दिसतो. बंद दाराआड जातिभेद मोडावयाचा आणि बाहेर जातीचे नियम पाळावयाचे, या व्यवस्थेत सुरक्षितता होती. परंतु बाबांच्या शोधाला तेथे अखेरचे उत्तर मिळाले नाही. बायबलचे वाचन, ख्रिस्ती शिक्षकांचा सहवास आणि स्वतःच्या मनाशी चाललेला दीर्घ वाद यांतून त्यांचा निर्णय हळूहळू पक्व होत गेला. तो एका दिवसात झाला नाही, आणि त्याची किंमत त्यांना पुरती ठाऊक होती. त्या काळी बाप्तिस्मा म्हणजे जातीबाहेर पडणे, सग्यासोयऱ्यांना दुरावणे आणि आईवडिलांना दुःख देणे. अखेर ३ सप्टेंबर १८५४ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी बेळगाव येथे उघडपणे बाप्तिस्मा घेतला. ज्या गावात त्यांना सगळे ओळखत होते, त्याच गावात त्यांनी हे पाऊल उचलले, हे लक्षणीय आहे.

४. वाङ्मयीन कार्य

पुढील आयुष्यात बाबा शिक्षक, धर्मोपदेशक, संपादक आणि ग्रंथकार होते. त्यांनी शंभराच्या आसपास लहानमोठी पुस्तके लिहिली, कोशरचना केली, ‘सत्यदीपिका’सारखी नियतकालिके चालविली. ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले ते विधवाविवाहाचा कायदा (१८५६) संमत झाल्यानंतरच्या वर्षी. पतीसह प्रवासाला निघालेली यमुना ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे पाहते आणि पुढे स्वतःच विधवा होते. यमुना व तिचा पती मनाने ख्रिस्ती विचारांकडे झुकलेले आहेत, हे आपण वाचताना पाहाल. मनातील श्रद्धा आणि समाजातील वर्तन यांतील अंतर लेखकाने स्वतः अनुभवले होते, हे तेव्हा आठवावे.

१८८८ साली त्यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याचे स्थान महत्त्वाचे आहे. ते वाचताना एक सावधगिरी आवश्यक आहे. बाप्तिस्म्यानंतर चौतीस वर्षांनी, एका प्रौढ धर्मोपदेशकाने आपल्या तारुण्याकडे वळून पाहिले आहे. पूर्वीचे जीवन अंधार आणि पुढचे जीवन उजेड, ही मांडणी ग्रंथाच्या नावातच आहे. तरीही बालपणीच्या श्रद्धांचे, घरातील चालीरीतींचे जे तपशील त्यांनी जपले आहेत, त्यांत त्या सोडलेल्या जगाविषयीचा जिव्हाळा जाणवतो. १९०६ साली बाबांचे निधन झाले.

५. समारोप

बाबांचा निर्णय आपणास पटो वा न पटो. साहित्याचे अभ्यासक म्हणून तो न्यायनिवाडा करणे हे आपले काम नव्हे. शिक्षणाने निर्माण केलेल्या प्रश्नांना आयुष्य पणाला लावून उत्तर देणारा एक विद्यार्थी आपल्याला येथे भेटतो. आपणही संसार आणि नोकरी सांभाळून शिकत आहात. नव्या ज्ञानाने घरातील जुन्या समजुतींना धक्का बसल्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. तो अनुभव जवळ ठेवून ‘अरुणोदय’ वाचल्यास दीडशे वर्षांपूर्वीचा तो तरुण आपल्याला परका वाटणार नाही.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. परमहंस सभेच्या गुप्ततेमागील कारणे सांगून बाबांच्या निर्णयाशी तिची तुलना करा.
२. ‘यमुनापर्यटन’मधील समाजदर्शन आणि लेखकाचा जीवनानुभव यांचा संबंध स्पष्ट करा.
३. आत्मचरित्रातील सत्य आणि लेखकाची भूमिका यांविषयी ‘अरुणोदय’च्या आधारे आपले मत मांडा.