धन्यवादित पोलीन जारिको

परदेशीं जाऊन धर्माचें व विद्येचें दान करणाऱ्या धर्मगुरूंचीं व धर्मभगिनींचीं नांवें आपण आदरानें घेतों. परंतु त्या दूरदेशीं त्यांस अन्नवस्त्र कोण पुरवी, त्यांच्या शाळेवर छप्पर कोणाच्या पैशानें चढे, हा विचार आपल्या मनांत क्वचितच येतो. हा भार पुष्कळ अंशीं ज्या मंडळानें वाहिला, त्याचा पाया घालणाऱ्या एका फ्रेंच कुमारिकेचें चरित्र या ज्युबिलीच्या शुभप्रसंगीं वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पोलीन जारिको हिचा जन्म ता. २२ जुलै १७९९ रोजीं फ्रान्स देशांतील लियों शहरीं झाला. वडील रेशमाचे व्यापारी असल्यामुळें घरीं कशाचीच उणीव नव्हती. उंची वस्त्रें व समारंभ यांत मुलीचें मन रमे. १८१४ सालीं एका अपघातानंतर ती फार आजारी पडली, व त्याच वर्षीं तिची आई देवाघरीं गेली. पुढें १८१६ सालीं सां-निझिए येथील देवळांत पोकळ डौलाविषयीं झालेला उपदेश तिच्या अंतःकरणास भिडला. तिनें दागिने दूर केले, गरीब कामकरी बायकांसारखा साधा पोशाख धारण केला, आणि त्याच वर्षींच्या नाताळांत फूर्व्हिएरच्या टेकडीवर पवित्र मरियेच्या मंदिरांत आजन्म कौमार्याचें व्रत घेतलें.

तिचा भाऊ फिलेआस पॅरिस येथें धर्मगुरुपदाचें शिक्षण घेत होता. आशियाकडे जाणाऱ्या मिशनऱ्यांचे पैशावांचून कसे हाल होतात, हें त्याच्या पत्रांतून घरीं कळे. राज्यक्रांतीनें फ्रान्समधील धर्मसंस्थांचें उत्पन्न बुडालें होतें. अशा वेळीं लोकांची दृष्टि एखाद्या धनिकाच्या मोठ्या देणगीकडे लागते; पोलीनबाईंनीं उलट मार्ग धरिला. १८१९ सालीं एके संध्याकाळीं घरचीं माणसें पत्ते खेळण्यांत गढलीं असतां त्यांस ही योजना सुचली, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. प्रत्येकानें आठवड्यास एक सू द्यावा. सू म्हणजे फ्रँकचा विसावा हिस्सा. कारखान्यांतील मजुरणीसही तो फार जड नव्हता. एकानें दहा जणांचे पैसे गोळा करावे. अशा दहा गटांवर एक प्रमुख, आणि शंभरांच्या दहा गटांवर आणखी एक प्रमुख असावा. पाहतां पाहतां कामकऱ्यांची एक मोठी सेना उभी राहिली.

ता. ३ मे १८२२ रोजीं लियोंतील कांहीं गृहस्थांनीं एकत्र येऊन श्रद्धाप्रसारक मंडळ रीतसर स्थापिलें, तेव्हां बाईंचीच ही घडण त्यांनीं स्वीकारिली. अमेरिकेंतील लुइझियानाचे बिशप ड्युबूर्ग यांस साह्य हवें होतें. परंतु एका प्रांतापुरतें न पाहतां जगांतील सर्व मिशनांस मदत करावी असें ठरलें. सभासदांनीं पैशाबरोबर रोज प्रार्थना करावयाची, व तींत संत फ्रान्सिस झेवियर यांचा धांवा करावयाचा असे. ज्यांचें पवित्र शरीर जुन्या गोव्यांत आहे, त्या संताचें नांव असें लियोंच्या मजुरणींच्या ओठीं आलें. मंडळाचा कारभार पुरुषमंडळींच्या हातीं गेला. बाई मागें सरल्या.

१८२६ सालीं त्यांनीं जिवंत जपमाळ आरंभिली. पंधरा जणांचा एक गट. प्रत्येकानें रोज एकाच रहस्याचें मनन करून एक दशक म्हणावें, म्हणजे सर्वांची मिळून पंधरा रहस्यांची पूर्ण जपमाळ होई. १८३५ सालीं हृदयविकारानें मरणोन्मुख झाल्या असतां त्या इटलींत गेल्या. रोम येथें पोप सोळावे ग्रेगोरी यांनीं स्वतः त्यांची भेट घेतली, व पुढें मुन्यानो गांवीं संत फिलोमेना यांच्या वेदीजवळ त्यांस आरोग्य लाभलें.

यापुढील कथा दुःखाची आहे. १८३१ व १८३४ सालीं लियोंच्या विणकरांनीं केलेले उठाव बाईंनीं पाहिले होते. मजुरांस न्याय्य वेतन व सुखाचा संसार मिळावा म्हणून १८४५ सालीं त्यांनीं रुस्त्रेल येथें लोखंडाचा कारखाना घेतला. परंतु ज्यांवर विश्वास टाकिला त्यांनींच दगा दिला, आणि १८५२ सालीं सर्व बुडालें. गरिबांच्या ठेवीही त्यांत गुंतल्या होत्या. त्या फेडण्यासाठीं बाई दारोदार फिरल्या. जें मंडळ त्यांच्या कल्पनेंतून उभें राहिलें, त्याच्या चालकांकडूनही त्यांस आधार मिळाला नाहीं. संस्थापिका म्हणून त्यांस ओळखण्यासही ते राजी नव्हते.

येथें एक गोष्ट आमच्या ध्यानांत येते. दहादहांच्या गटांत प्रत्येक सू अनेकांच्या नजरेखालून जात असे. कारखान्यांत मात्र दोनचार माणसांच्या शब्दावर सारा भार होता. हेतु दोन्हीकडे सारखाच पवित्र. पण जेथें जबाबदारी वांटलेली होती तेथेंच काम टिकलें. नगराच्या दरिद्री लोकांच्या यादींत नांव असलेल्या पोलीनबाई ता. ९ जानेवारी १८६२ रोजीं, कोणाविषयीं मनांत कटुता न ठेवितां, प्रभूकडे गेल्या.

त्यांच्या मंडळास ता. ३ मे १९२२ रोजीं, शंभर वर्षें पूर्ण झालीं त्या दिवशीं, पोप अकरावे पायस यांनीं पोपमहाराजांच्या अधिकाराखालील मंडळाचा मान दिला. १९२६ सालीं मिशन रविवार ठरला. ता. २२ मे २०२२ रोजीं लियों येथें पोलीनबाईंस धन्यवादित म्हणून घोषित करण्यांत आलें.

प्रिय वाचकहो, ऑक्टोबर महिन्यांत मिशन रविवारीं आपल्या देवळांत जी थाळी फिरते, ती याच परंपरेंतील आहे. थोरामोठ्यांच्या देणग्यांनीं देवळें सजतात हें खरें. पण तिच्यांत पडणारें गरिबाचें नाणें आणि त्यासवें केलेली प्रार्थना हींच दूरदेशींच्या कार्याचीं खरीं मुळें होत. आपल्या धर्मग्रामाच्या या ज्युबिलींत आम्हां सर्वांस ही जाणीव व पोलीनबाईंची क्षमाशीलता परमेश्वर देवो.