मनोवैद्य गिरींद्रशेखर बोस

घरात कोणास ताप आला तर शेजारीपाजारी कळते, औषध कोणाचे घ्यावे याची चर्चा होते. मन आजारी पडले की मात्र प्रथम दार लावून घेतले जाते. नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्या कुटुंबात तर हे दार अधिकच घट्ट बसते. बाहेर बोलावे तर भाषा परकी, आणि गावी कळवावे तर म्हाताऱ्या आईवडिलांच्या जिवाला घोर. असे दडलेले दुःख रुग्णाच्याच तोंडून शांतपणे ऐकून घेणे हाही उपचारच होय, हे आपल्या देशात पद्धतशीरपणे आचरून दाखविणाऱ्या पहिल्या पुरुषाचा, कलकत्त्याच्या डॉ. गिरींद्रशेखर बोस यांचा परिचय आमच्या मंडळाच्या वाचकांस करून देण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही या शास्त्राचे जाणकार नव्हे. परंतु हे चरित्र जाणकारांपुरतेच राहावे असे नाही.

गिरींद्रशेखरांचा जन्म 30 जानेवारी 1887 रोजी दरभंग्यास झाला. वडील चंद्रशेखर हे दरभंगा संस्थानाचे दिवाण. म्हणजे हे कुटुंबही चाकरीसाठी आपला मुलूख सोडून राहिलेलेच. ज्येष्ठ बंधू राजशेखर हे पुढे रसायनतज्ज्ञ म्हणून आणि त्याहून अधिक ‘परशुराम’ या टोपणनावाने लिहिणारे बंगालीतील थोर विनोदी लेखक म्हणून गाजले. (हे नाव वाचून आमच्या कोकणस्थ वाचकांनी नाते जोडण्याची घाई करू नये.) गिरींद्रशेखरांनी 1910 मध्ये कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली व दवाखाना थाटला. जादूच्या व संमोहनाच्या प्रयोगांचा त्यांना तरुणपणापासूनच नाद होता. शरीरात काही दोष सापडत नाही आणि तरीही माणूस झुरतो, असे रोगी जसजसे भेटू लागले तसतसा हा नाद अभ्यासात पालटला. चालता दवाखाना सांभाळून ते पुन्हा विद्यार्थी झाले. 1917 मध्ये त्यांनी मानसशास्त्राची एम.एस्सी. पदवी मिळविली आणि पुढे विद्यापीठात त्याच विषयाचे अध्यापन केले. 1921 मध्ये दमन या कल्पनेवरील प्रबंधासाठी त्यांना डी.एस्सी. मिळाली. जी इच्छा मनाला स्वतःशीही कबूल करवत नाही ती नेणिवेत ढकलली जाते आणि तेथून भय, स्वप्न वा विचित्र सवय यांच्या रूपाने डोके वर काढते, असा हा विचार.

तो प्रबंध त्यांनी व्हिएन्नास सिग्मंड फ्रॉइड यांजकडे धाडला. इतक्या दूरच्या देशातून असे पुस्तक आलेले पाहून फ्रॉइडांस आश्चर्य वाटले व आनंदही झाला. पुढे कित्येक वर्षे उभयतांचा पत्रव्यवहार चालला. प्रत्यक्ष भेट मात्र कधीच घडली नाही. 1922 मध्ये 14, पारशीबागान लेन या बोसांच्या राहत्या घरी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन झाली. तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे अखेरपर्यंत होते. याच घरात बोस बंधूंची ‘उत्केंद्र समिती’ नावाची गप्पांची बैठकही भरे.

दप्तरात आयुष्य गेलेल्या आम्हांस या पत्रव्यवहारातील धिटाई विशेष भावते. गुरुस्थानी मानलेल्या फ्रॉइडांशी बोसांनी स्वतःचा मतभेद स्वच्छ शब्दांत नोंदविला. त्यांचे म्हणणे असे की मनात प्रत्येक इच्छेच्या जोडीला तिची विरुद्ध इच्छा वसत असते. कोणास मारावे या इच्छेच्या तळाशी आपणच मार खावा ही इच्छाही असते. एक उघड राहते, दुसरी दडपली जाते, आणि या ओढाताणीतून आजार उद्भवतो. म्हणून रुग्ण मनात येईल ते बोलत असता ते त्याला कल्पनेने आळीपाळीने दोन्ही भूमिकांत नेत: आधी मारणारा, मग मार खाणारा. मुलांच्या खेळातील सी-सॉप्रमाणे एक टोक खाली जाते तेव्हा दुसरे वर येते, तसे दडलेले हळूहळू दृष्टीस पडे. युरोपातील पुरुष रुग्णांत फ्रॉइडांस जी भये ठळक दिसली ती आपल्या भारतीय रुग्णांत तितकी प्रखर नाहीत, असेही त्यांनी कळविले. फ्रॉइडांनी हे आदराने, पण हातचे राखूनच ऐकले. आमच्या मते बोसांचे मोठेपण येथेच आहे: पुस्तक आणि समोरचा रोगी यांत अंतर दिसले तेव्हा त्यांनी रोग्याची बाजू घेतली.

1931 मध्ये फ्रॉइडांच्या पंचाहत्तरीनिमित्त संस्थेने त्यांस विष्णूची हस्तिदंती मूर्ती पाठविली. ती त्यांनी आपल्या लिहिण्याच्या मेजावर ठेविली. काही दिवसांनी तिला तडे गेले, तेव्हा कलकत्त्याची सवय असलेल्या या देवाला व्हिएन्नाची हवा मानवत नसावी, अशी गमतीची शंका त्यांनी रोजनिशीत टिपून ठेविली. बदल्यांवर बदल्या सोसलेल्या आमच्या वाचकांस या देवाविषयी सहानुभूती वाटेल यात शंका नाही. 1938 मध्ये फ्रॉइडांसह ती मूर्ती लंडनला गेली.

त्या काळी वेड्यांसंबंधीचा कायदा होता तो 1912 सालचा आणि त्याचा रोख बंदोबस्ताकडे होता. अशा वेळी, 1933 मध्ये, बोसांनी कलकत्त्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. सर्वसाधारण रुग्णालयातील असा हा देशातील पहिलाच विभाग. खोकल्याचा रोगी ज्या फाटकातून आत जाई त्याच फाटकातून आता मनाचा रोगीही जाऊ लागला आणि त्याकडे कोणी बोट दाखविण्याचे कारण उरले नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी यांनी असा विभाग काढला तो 1938 मध्ये. 1940 मध्ये राजशेखरांनी दिलेल्या जागेत लुंबिनी पार्क मनोरुग्णालय उभे राहिले. आरंभी रुग्ण अवघे तीन.

याच लुंबिनी पार्कमध्ये 1942 साली कवी काझी नझरुल इस्लाम यांना आणण्यात आले. ज्याच्या शब्दांनी सारा बंगाल पेटविला त्याची वाचाच हरपत चालली होती. काही महिने उपचार झाले. गुण आला नाही. नझरुलांचा आजार मेंदूच्या झिजेचा होता, हे व्हिएन्नातील तज्ज्ञांच्या तपासणीत निष्पन्न झाले ते 1953 मध्ये. बोलण्यातून बरे करणाऱ्या वैद्यापुढे बोलूच न शकणारा रोगी यावा, याहून कठीण प्रसंग कोणता? मात्र या अपयशाने बोसांनी काम आवरते घेतले नाही. 1947 मध्ये ‘समीक्षा’ हे संस्थेचे नियतकालिक निघाले आणि 1949 मध्ये ‘बोधायन’ ही मुलांची शाळा सुरू झाली. स्वप्नांवर त्यांनी बंगालीत ग्रंथ लिहिला, पुराणांचा व गीतेचा अभ्यास केला, आणि मुलांसाठी गोष्टही लिहिली. 3 जून 1953 रोजी कलकत्त्यास त्यांचे निधन झाले. लुंबिनी पार्क पुढे राज्य सरकारने आपल्याकडे घेतले. पारशीबागान लेनमधील संस्था त्यांच्या शिष्यांनी चालू ठेविली.