इंग्रजीचे पदवीधर, इतिहासाचे आचार्य

विद्यापीठात इतिहास शिकणाऱ्याने आधी मूळ कागद वाचावेत, हा दंडक भारतात रुजविणारे सर जदुनाथ सरकार स्वतः इंग्रजी वाङ्मयाचे पदवीधर होते. १८७० मध्ये राजशाही जिल्ह्यात जन्मलेल्या जदुनाथांनी १८९२ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची एम. ए. परीक्षा दिली. पुढे इतिहासाच्या ओढीने ते फारसी आणि मराठी शिकले. औरंगजेबावरील त्यांचा पाच खंडांचा ग्रंथ १९२४ मध्ये पूर्ण झाला. १९२६ ते १९२८ या काळात ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू होते.

महाराष्ट्राशी त्यांचे नाते स्नेहाचे, तसेच वादाचेही होते. त्यांच्या १९१९ मधील शिवचरित्रावर पुण्याच्या संशोधकांनी कठोर टीका केली. मात्र रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्याशी त्यांची मैत्री अभंग राहिली. पेशवे दप्तराच्या संपादनासाठी त्यांनीच सरदेसाईंची शिफारस केली. त्यातून १९३० नंतर ४५ खंड प्रकाशात आले.

१९५८ मध्ये जदुनाथ निवर्तले. त्यांचे अनेक निष्कर्ष पुढील पिढ्यांनी नाकारले. परंतु ते नाकारण्यासाठीही अभ्यासकांना मूळ कागदांकडेच वळावे लागले.