कॅरन कार्पेंटर आणि अ‍ॅनोरेक्सिया: घरच्यांनी ओळखायची लक्षणे

खाण्याचे विकार म्हणजे डाएटचे खूळ नव्हे. हा मानसिक आजार आहे, त्याचे परिणाम सगळ्या शरीरावर होतात आणि वेळीच उपचार न झाल्यास जीवही जाऊ शकतो. अमेरिकन गायिका कॅरन कार्पेंटर हिचे आयुष्य याचे दुःखद उदाहरण आहे.

सुरुवात साध्या डाएटने

कॅरनचा जन्म २ मार्च १९५० रोजी झाला. ती उत्तम ड्रम वाजवायची. थोरला भाऊ रिचर्ड याच्यासोबतच्या ‘कार्पेंटर्स’ या जोडीमुळे ती १९७० पासून जगभर पोहोचली. त्याआधी, १९६७ च्या सुमारास, डॉक्टरांच्या सल्ल्याने तिने पहिले डाएट केले होते. पुढे प्रसिद्धी मिळाल्यावर स्वतःचे फोटो तिला खटकू लागले. वजन उतरले तेव्हा सुरुवातीला ती छान दिसते, असेच घरच्यांना वाटले. पण ती थांबली नाही. ताटातले अन्न ती इकडेतिकडे सारायची, चव घ्या म्हणत इतरांना वाटून टाकायची. अंगावर कपड्यांचे थर चढवायची. १९७५ मध्ये इतका अशक्तपणा आला की ब्रिटन आणि जपानचे दौरे रद्द करावे लागले.

उपचार झाले, पण उशिरा

त्या काळी या आजाराचे नावही फार कमी लोकांना ठाऊक होते. १९८२ मध्ये तिने न्यूयॉर्कला जाऊन मानसोपचार घेतले. रुग्णालयात शिरेतून पोषण दिल्यावर वजन वाढले आणि नोव्हेंबरमध्ये ती कॅलिफोर्नियाला घरी परतली. ४ फेब्रुवारी १९८३ रोजी आईवडिलांच्या घरी ती कोसळली. तेव्हा ती अवघी ३२ वर्षांची होती. हृदय निकामी होण्यामागे अ‍ॅनोरेक्सिया असल्याचे शवविच्छेदनात नोंदले गेले.

वजन वाढले, तरी धोका का?

दीर्घ उपासमारीत हृदयाचे स्नायू झिजतात. मुद्दाम उलट्या केल्याने किंवा जुलाबाची औषधे घेतल्याने पोटॅशियम कमी होते आणि हृदयाचे ठोके अनियमित होतात. शिवाय मनातली भीती वजनाबरोबर जात नाही. म्हणून वजन वाढले की उपचार संपले, असे समजू नका. आणि वजन सामान्य असले तरी खाण्याचा विकार असू शकतो.

ही लक्षणे दिसल्यास सावध व्हा

- सर्वांसोबत जेवणे टाळणे. आत्ताच खाल्ले, आज उपास आहे, अशी कारणे वारंवार देणे
- जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाणे
- आजारी असतानाही व्यायाम न सोडणे
- सतत वजन करणे, बारीक असूनही स्वतःला जाड समजणे
- पाळी बंद होणे, थंडी वाजणे, केस गळणे, चक्कर येणे

हा आजार मुलग्यांनाही होतो.

तुम्ही काय कराल?

ताटावर भांडू नका आणि शरीरावर टीका करू नका. बारीक झाल्याचे कौतुकही नको. काळजी वाटते, एवढे शांतपणे सांगा. आधी फॅमिली डॉक्टरांना दाखवा, मग मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञांची मदत घ्या. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावरही मोफत सल्ला मिळतो. बेशुद्धी, छातीत धडधड किंवा खूप अशक्तपणा असल्यास वाट न पाहता रुग्णालयात न्या.

लवकर उपचार सुरू केल्यास बरे होण्याची शक्यता वाढते. कॅरनला ती संधी वेळेत मिळाली नाही. तुमच्या माणसाला ती मिळू शकते.