माणसाची पारख

अमेरिकेच्या ईशान्य टोकास मेन नावाचे राज्य आहे. तेथे १ फेब्रुवारी १८९४ रोजी फीनी नावाच्या एका आयरिश कुटुंबात जॉनचा जन्म झाला. पोटासाठी आयर्लंड सोडून आलेल्या लोकांना त्या काळी अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी हेटाळणी सोसावी लागे. अशा लोकांतच जॉन वाढला.

त्याचा थोरला भाऊ फ्रान्सिस चित्रपटांत काम करीत असे व त्याने फोर्ड हे नाव धारण केले होते. १९१४ साली जॉन त्याच्याकडे हॉलिवूडला गेला. सामान मांडणे, घोड्यावरून धाडसी उड्या मारणे, असे पडेल ते काम त्याने केले. १९१७ साली तो दिग्दर्शक झाला. पुढे जॉन फोर्ड या नावाने त्याची कीर्ती जगभर पसरली.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील ओसाड मुलुखातील कथा सांगणाऱ्या चित्रपटांना वेस्टर्न म्हणतात. इ. स. १९३० नंतरच्या काळात असे चित्रपट हलक्या प्रतीचे मानले जात. म्हणून फोर्ड यांच्या नव्या कथेस अनेक निर्मात्यांनी नकार दिला. परंतु फोर्ड यांनी तिचा नाद सोडला नाही. अखेर १९३९ साली 'स्टेजकोच' हा त्यांचा बोलपट प्रकाशित झाला. स्टेजकोच म्हणजे टपालाची व उतारूंची घोडागाडी.

या गाडीतून काही अनोळखी माणसे धोक्याच्या वाटेने जात असतात. मॉन्युमेंट व्हॅलीतील तांबूस खडकांचे प्रचंड सुळके आणि त्यांच्या पायथ्याशी धावणारी ती चिमुकली गाडी हे दृश्य प्रेक्षकांच्या मनावर कायमचे ठसते. वाटेत एक स्त्री प्रसूत होते. तेव्हा गावाने हाकलून दिलेली एक बाई तिची व बाळाची शुश्रूषा करते. दारुडा म्हणून हिणवलेला डॉक्टर शुद्धीवर येऊन आपले कर्तव्य बजावतो. उलट, गावात मान असलेला पेढीवाला लोकांच्या ठेवी घेऊन पळत असतो! लौकिकावरून माणसाची पारख करू नये, हेच जणू ही गाडी शिकविते.

परंतु या चित्रपटात एक उणीव राहिली होती. गाडीवर हल्ला करणारे अपाची हे त्या भूमीचे मूळ रहिवासी. त्यांना येथे केवळ शत्रू म्हणूनच दाखविले होते. त्यांचे सुखदुःख कोणी विचारले नाही. पुढे १९६४ साली, सत्तराव्या वर्षी, फोर्ड यांनी 'शायेन ऑटम' हा चित्रपट काढला. परक्या प्रदेशात उपासमार व रोगराई सोसणारे शायेन लोक १८७८ साली शेकडो मैल चालत मायभूमीकडे निघाले, त्याची ही करुण कथा आहे. त्यातील प्रमुख शायेन भूमिका मात्र त्या लोकांपैकी कोणास मिळाल्या नाहीत. तरीही त्यांची बाजू मांडण्याचा हा प्रामाणिक यत्न होता.

फोर्ड यांना दिग्दर्शनासाठी चार वेळा ऑस्कर पारितोषिक मिळाले. पण त्यांतील एकही वेस्टर्न चित्रपटासाठी नव्हते. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. मध्यमवयात घोडागाडीतील उपेक्षितांना न्याय देणाऱ्या या कलावंताची दृष्टी उतारवयात गाडीबाहेरच्या माणसांकडेही वळली, हे विसरता येत नाही.